सुरजागडचं लोखंड आणि रक्ताचा एक थेंब

एटापल्लीहून सुरजागडच्या वाटेला लागलं की रस्त्याची धूळ तांबडी होत जाते. पुढे ठाकुरदेवाचा डोंगर दिसतो, आणि तो डोंगर लोखंडाचा आहे. लोखंडाला प्राणवायू चिकटून बनलेलं हेमाटाइट तिथे इतकं आहे की त्याने भरलेल्या गाड्या आलापल्लीच्या रस्त्याने धावत असतात. त्याच डोंगराच्या आसपास एखाद्या टोल्यावर आशाताई तापाने फणफणलेल्या पोराच्या बोटाला सुई टोचते. बोटावर थेंब येतो, तांबडाच. आणि त्याचा तांबडेपणाही लोखंडाचाच!

गडचिरोली जिल्हा हिवतापाच्या बाबतीत राज्यात वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर आहे. त्यातही एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या तालुक्यांवर मोठा भार. या तापाची गोष्ट सहसा डासापासून सुरू करतात. आपण ती लोखंडापासून सुरू करू. कारण हिवतापाचा जंतू खातो काय, लपतो कसा, सापडतो कसा आणि मरतो कशाने, या सगळ्या प्रश्नांत लोखंड कुठे ना कुठे आडवं येतंच.

आधी डोंगर. सुरजागडमध्ये पट्टेदार लोहशिला आहेत. जगभरच्या अशा शिलांचा मोठा हिस्सा अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास घडला. तेव्हा समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं आणि हवेत प्राणवायू जवळपास नव्हताच. मग सूक्ष्मजीवांनी सूर्यप्रकाशावर अन्न बनवायला आणि प्राणवायू सोडायला सुरुवात केली. समुद्रातलं लोखंड गंजलं, थरावर थर तळाशी बसलं. आज आपण खणतो तो तो गंज!

आता रक्त. इथेही लोखंड आणि प्राणवायूच, पण वागणूक बघा. डोंगरातल्या लोखंडाने प्राणवायूला धरलं ते कायमचं. रक्तातलं लोखंड फुप्फुसात प्राणवायू धरतं, बोटाच्या टोकापर्यंत नेतं आणि तिथे सोडून देतं. गंजत कसं नाही? हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन त्या लोखंडाच्या अणूभोवती अशा घड्या घालून बसलेलं असतं की प्राणवायूला टेकता येतं, पण कायमचं चिकटता येत नाही. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येकात लोखंडाचे चार अणू. म्हणजे एका पेशीत लोखंडाचे शंभर कोटींहून जास्त अणू! आणि रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, अशा पेशी साधारण पन्नास लाख.

एवढ्या मोठ्या कोठारावर कुणाची नजर जाणार नाही?

प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा जंतू नेमका तिथेच येतो. डास चावतो तेव्हा लाळेबरोबर मोजके जंतू कातडीत उतरतात आणि आधी यकृत गाठतात. तिथे आठवडाभर काहीच घडत नसल्यासारखं वाटतं. ताप नाही, थंडी नाही. पण आत एकेका जंतूचे हजारो होत असतात, कधी तीस-चाळीस हजारांपर्यंत. मग ते रक्तात उतरतात आणि प्रत्येक जण एक तांबडी पेशी निवडून अर्ध्या मिनिटाच्या आसपास आत शिरतो. पुढचे ४८ तास तो हिमोग्लोबिन खातो, वाढतो, स्वतःच्या दीड-दोन डझन प्रती काढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. लाखो पेशी एकाच सुमारास फुटतात तेव्हा पोर गारठून कुडकुडतं, मग तापतं.

पण या मेजवानीत एक अडचण आहे. हिमोग्लोबिनमधलं प्रथिन पचतं, लोखंड धरून ठेवणारा भाग पचत नाही. त्याला हीम म्हणतात, आणि सुटं हीम जंतूला जहर आहे. ते त्याला बाहेरही टाकता येत नाही. मग तो काय करतो? पोटातल्या पोटात त्या जहराचे स्फटिक बनवतो! घट्ट, काळपट-तपकिरी, निरुपद्रवी स्फटिक. जेवढं जास्त खाईल तेवढे स्फटिक वाढत जातात.

माणसाला या आजाराचा माग लागला तो याच स्फटिकांमुळे. अल्जिरियात १८८० मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी रुग्णाच्या ताज्या रक्तात काळ्या कणांनी भरलेले हलते जीव पाहिले. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस डासाच्या पोटाची चिरफाड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. पोटाच्या भिंतीवर काही गोल पेशी दिसल्या. त्या डासाच्या नव्हेत हे त्यांना कशावरून कळलं? त्यात तेच काळे कण होते! माणसाच्या रक्तातला उष्टा कचरा डासाच्या पोटात सापडला आणि दोन टोकं जुळली.

फाल्सिपेरमला जीवघेणा बनवतो तो त्याचा चिकटपणा. जंतू शिरलेली पेशी प्लीहेतून गेली तर प्लीहा तिला ओळखून बाद करते. म्हणून जंतू आपल्या पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन उभं करतो आणि ती पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते. प्रवासच थांबला, मग प्लीहेत जाणार कशी? शरीर त्या प्रथिनाला ओळखायला शिकलं की जंतू नवं चढवतो. त्याच्याकडे असे साठच्या आसपास पर्याय तयार असतात. चिकटण्याची ही जागा मेंदूतली असली तर तो मेंदूचा मलेरिया. दोन दिवसांत चालतं-बोलतं मूल बेशुद्ध होतं. पावसाळ्यात नाले भरलेले, रस्ता नाही आणि खाटेची कावड करून दवाखाना गाठायचा, अशा भागात या दोन दिवसांची किंमत काय असते? हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला तेव्हापासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यात असे रुग्ण येत राहिले आहेत.

पूर्वी रक्ताची काचपट्टी प्रयोगशाळेत जायची आणि अहवाल यायला दिवस लागायचे. आज आशाताईच्या पिशवीत बोटभर लांबीचं प्लॅस्टिकचं किट असतं. पाच मायक्रोलिटर रक्त, वर द्रावणाचे थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटांत उत्तर. वीज नाही, यंत्र नाही. मला विचाराल तर या साऱ्या गोष्टीतला सगळ्यात देखणा शोध हाच.

आत काय घडतं ते बघा. द्रावणाने पेशी फुटतात. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा तो ओलावा आतल्या पट्टीतून आपोआप पुढे सरकतो. वाटेत कोरडी करून ठेवलेली प्रतिपिंडं असतात. जंतू रक्तात एक खास प्रथिन सोडतो, एचआरपी-२ नावाचं. ही प्रतिपिंडं फक्त त्यालाच पकडतात. पुढे एका रेघेवर दुसरी प्रतिपिंडं पट्टीला घट्ट बांधून ठेवलेली असतात, तीही त्याच प्रथिनाची वाट बघणारी. प्रथिन दोघांच्या मध्ये अडकतं. पण हे सगळं डोळ्यांना दिसणार कसं? रेणूंची ही झटापट सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही.

त्यासाठी पहिल्या प्रतिपिंडांना एकेक कण बांधलेला असतो. सोन्याचा! पट्टीवर उमटणारी ती लाल रेघ खऱ्या सोन्याची असते. मग ती पिवळी का नाही? कारण हे कण केसाच्या जाडीच्या दोन हजाराव्या हिश्शाएवढे बारीक असतात. इतक्या लहान सोन्यातले इलेक्ट्रॉन प्रकाश पडताच सगळे मिळून झुलतात आणि हिरवा प्रकाश गिळून टाकतात, उरतो लाल. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये असं लाल सोनं बाटलीत बनवून त्यावर व्याख्यान दिलं होतं. जिथे घरात गुंजभर सोनं सापडणं मुश्कील, त्या टोल्यावर आज पोराचा ताप सोनं ओळखतं!

आणि ओळखतं तरी किती? एका मायक्रोलिटरमध्ये दोनशेच्या आसपास जंतू असले तरी रेघ दिसते. पन्नास लाख पेशींमध्ये दोनशे. म्हणजे पंचवीस हजार पेशींत एक.

रेघ उमटली की औषध. गोळ्यांची पाकिटं वयानुसार रंगीत: वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, मग पिवळं, हिरवं, लाल आणि पंधरा वर्षांपासून पुढे पांढरं. मात्रेचा हिशेब कारखान्यातच होऊन येतो. त्यातलं मुख्य औषध आर्टिसुनेट. त्याचं मूळ द्रव्य चीनच्या तू यूयू यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका दवण्याच्या कुळातल्या झुडपातून काढलं. पाला उकळून काढलेला अर्क काम करेना. तेव्हा चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात पाला पाण्यात भिजवून पिळायला सांगितल्याचं त्यांच्या लक्षात आलं. उष्णतेने औषध मरत असेल का? त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि गुण आला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण हे औषध कोट्यवधी निरोगी पेशींना सोडून नेमकं जंतूलाच कसं गाठतं? त्याच्या रेणूत प्राणवायूचे दोन अणू एकमेकांना जोडून पूल केलेला असतो. हा पूल एरवी शांत. सुटं हीम भेटलं की त्यातल्या लोखंडाने तो तुटतो, आणि तुटताना असे उग्र तुकडे सुटतात की आजूबाजूची प्रथिनं जळून निघतात. सुटं हीम असतं कुठे? हिमोग्लोबिन खाणाऱ्या जंतूच्या पोटात! म्हणजे औषध पेटवणारी ठिणगी जंतूच पुरवतो. जो जास्त खातो तो आधी मरतो.

त्याच उपचारात दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनची गोळी असते. (तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायांना ती देत नाहीत.) ही गोळी मोठी उदार आहे. त्या पोराचा ताप तिच्यामुळे उतरत नाही. रक्तात केळ्याच्या आकाराची काही रूपं उरलेली असतात. ती आजारी करत नाहीत, फक्त डासाच्या पोटात जायची वाट बघतात. प्रायमाक्वीन त्यांना मारतं. गोळी घेतो एक आणि वाचतं शेजारच्या घरातलं मूल.

निसर्गानेही एक इलाज शोधला आहे, पण त्याची किंमत भयंकर आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातलं सहावं बदललं, जनुकाच्या फक्त एका अक्षराच्या फरकाने, तर तो सिकलसेल. माडिया, गोंड आणि विदर्भातल्या इतर अनेक समाजांत हे जनुक आहे. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत काम सुरू केलं तेव्हाच्या सुरुवातीच्या पाहण्यांपैकी एक याचीच होती. एवढं त्रासदायक जनुक पिढ्यानपिढ्या टिकलं कसं? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की आई किंवा वडील, एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या मुलांना हिवतापापासून संरक्षण असतं. गंभीर हिवतापाचा धोका त्यांच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी असतो. जंतू शिरलेली त्यांची पेशी प्राणवायू कमी असलेल्या जागी वाकडी होते आणि प्लीहा तिला उचलते; जंतूची वाढही खुंटते. पण दोन्हीकडून जनुक आलं तर त्या मुलाच्या वाट्याला आयुष्यभर वेदना. दोन वाहकांच्या संसारात दर बाळंतपणाला चारात एक ही शक्यता. जंगलातल्या हिवतापाने माणसाच्या रक्तावर केलेली ही कोरीव खूण आहे, आणि ती खूण वागवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे दवाखान्याने तेवढ्याच आस्थेने बघायला हवं.

आता डास. शहरात आपण डासाचा संबंध गटाराशी लावतो. इथे उलट आहे. ॲनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिस हा डास जंगलातल्या स्वच्छ, संथ झऱ्यांच्या काठाशी वाढतो. नितळ पाणी, वर सावली, काठाला गवत. त्याला हेच हवं. दुसरा ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस, तो नाल्यातली डबकी, धानाच्या बांध्या, खड्डे यांतही चालवून घेतो.

त्यातली गंमत पुढे आहे. क्युलिसिफेसीस हा एक डास नाहीच! दिसायला हुबेहूब अशा पाच जाती त्या नावाखाली दडलेल्या आहेत: ए, बी, सी, डी, ई. त्यातली बी हिवताप पसरवण्यात अगदी कच्ची. भिंगाखाली फरक सापडत नाही, तो सापडतो अंडी अर्धवट तयार झालेल्या मादीच्या बीजकोशातल्या गुणसूत्रांच्या पट्ट्यांत, कुठला तुकडा उलटा बसला आहे त्यावरून. भारतात हे काम उभं करण्यात सरला सुब्बाराव यांचा मोठा वाटा. फ्लुव्हिएटिलिसच्याही एस, टी, यू अशा जाती आहेत. एस माणसाच्या रक्तासाठी आसुसलेली, बाकीच्या दोघी मुख्यतः गुरांवर भागवणाऱ्या. गावात डास किती, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणते डास, हे विचारायला हवं.

आणि ते जगतात किती दिवस, हेही. जंतू डासाच्या पोटात गेल्यावर तिथे त्याची वाढ व्हायला दहा दिवस तरी लागतात. त्याआधी डास मेला तर जंतूही संपला. १९५०च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी याचं गणित मांडलं. समजा, दर दिवशी दहातला एक डास मरतो. दहा दिवसांनी शंभरातले पस्तीस उरतील. आता रोज दहातले तीन मरू लागले, तर? शंभरातले तीनही उरत नाहीत! डास संपवायची गरज नाही, त्यांचं आयुष्य थोडं कमी केलं तरी साखळी तुटते.

औषधी मच्छरदाणी हेच करते. तिच्या काही प्रकारांत कीटकनाशक वरून फवारलेलं नसतं, धागा ओढतानाच आत मिसळलेलं असतं. धुतल्यावर पृष्ठभागावरचं जातं, आतलं हळूहळू वर येतं. वीस धुणी आणि साधारण तीन वर्षं टिकावी अशी तिची अपेक्षा. पण मच्छरदाणी घरात आणि माणूस बाहेर असेल तर? मोहफुलं वेचायला पहाटेच्या आधी निघालेल्या बाया, तेंदूपत्त्याच्या हंगामातले मुक्काम, धान राखायला मचाणावर काढलेल्या रात्री, पाळीच्या दिवसांतलं कुर्माघर. घरात खाटा किती हे मोजून मच्छरदाण्या वाटल्या तर या सगळ्या रात्री उघड्या राहतात. मोजायच्या त्या झोपायच्या जागा.

देशाने हा आजार एकदा जवळपास नमवला होता. १९५३ मध्ये डीडीटीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६५ पर्यंत वर्षाचे रुग्ण एक लाखाच्या आसपास उतरले. मग लक्ष ढळलं, डास डीडीटीला निर्ढावले, आणि १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

जंतूही गप्प बसलेला नाही. ते सोन्याचं किट आठवा: ते एचआरपी-२ प्रथिन शोधतं. २०१० मध्ये पेरूच्या ॲमेझॉन जंगलातून बातमी आली की काही जंतूंत ते प्रथिन बनवणारं जनुकच नाही! किटपुढे ते अदृश्य. भारतातल्या काही नमुन्यांतही असे जंतू सापडले आहेत. म्हणून संशोधक आता अशा खुणा शोधतात ज्या टाकून देणं जंतूला परवडणार नाही. त्यातली एक म्हणजे पोटातले ते काळे स्फटिक. त्यांतल्या लोखंडामुळे ते चुंबकाला दाद देतात. रक्ताच्या थेंबातून प्रकाश सोडायचा आणि चुंबक जवळ आणायचं. स्फटिक एका दिशेला वळतात आणि पलीकडे पोचणारा प्रकाश बदलतो. या तत्त्वावरची छोटी यंत्रं बनली आहेत. हीमचं जहर पचवायला स्फटिक तर बनवायलाच हवेत. तिथे जंतूला पळवाट कुठली?

सगळ्यात अवघड शिकार मात्र ताप नसलेल्या माणसाची. पुन्हापुन्हा हिवताप होऊन गेलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू असतात आणि तो धान कापत असतो, जत्रेला जात असतो. आफ्रिकेतल्या मालीमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचा एक चकित करणारा खुलासा केला. कोरड्या महिन्यांत, डास नसताना, जंतू शिरलेल्या पेशी भिंतीला लवकर चिकटतच नाहीत. जास्त वेळ रक्तात फिरतात, प्लीहेत सापडतात, बाद होतात. त्यामुळे जंतूंची संख्या इतकी कमी राहते की माणूस आजारी पडत नाही, उपचार घेत नाही, आणि जंतू पुढच्या पावसापर्यंत सहीसलामत राहतो.

एटापल्लीच्या टोल्यांवर हेच घडत असेल, तर तपासणीची खरी वेळ ऑगस्टमधली तापाची साथ नव्हे. ती मे महिन्यात आहे, तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर, धडधाकट माणसांमध्ये. तिथे पंचवीस हजारांत एक पकडणारं किटही कमी पडतं. मायक्रोलिटरमध्ये एक-दोन जंतू असले तरी ओळखणारी पीसीआर चाचणी लागते, आणि ती आज प्रयोगशाळेतच होते. तिला आशाताईच्या पिशवीत मावेल एवढं लहान करणं हे पुढचं काम.